बॅरिॲट्रिक सर्जरीचा विचार आणि डॉक्टरांचं ‘नको’: पुढे काय करायचं?

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल बरंच वाचून झालेलं असतं, घरात एखाद्याच्या कानावर घातलेलं असतं आणि एक दिवस धीर करून डॉक्टरांपुढे विषय काढला जातो. उत्तर येतं, “कशाला त्या भानगडीत पडता? तोंडावर जरा ताबा ठेवा, चालायला लागा.” दोन मिनिटांत बोळवण. बाहेर आल्यावर दोनच गोष्टी सुचतात. एक तर हा विषय कायमचा मिटवावा, नाहीतर या डॉक्टरांना रामराम ठोकून, जिथे लगेच तारीख मिळेल तिथे जावं. दोन्हीची घाई नको.

डॉक्टरांचं ‘नको’ एकाच जातीचं नसतं. काही वेळा त्यामागे जुनी माहिती असते, काही वेळा लठ्ठपणाबद्दलचा सरसकट ग्रह असतो, कधी ऑपरेशननंतर बिघडलेला एखादा पेशंट डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असतो आणि कधी खरोखरच तुमच्या तब्येतीत थांबण्याजोगं कारण असतं. यातलं कोणतं ‘नको’ आपल्या वाट्याला आलंय हे कळलं, की पुढचं बरंचसं आपोआप ठरतं.

पायरी १: तिथेच, त्याच खुर्चीत बसून कारण विचारा

वाद घालू नका, पण उठूही नका. एकच प्रश्न विचारा: “माझ्या बाबतीत नेमकी अडचण कोणती?” यातला ‘माझ्या बाबतीत’ हा भाग महत्त्वाचा. सर्वसाधारण भीती आणि तुमच्या फाइलीतलं कारण यांची फारकत तिथेच होते. असं काहीसं संभाषण होऊ शकतं:

“ऑपरेशन धोक्याचं आहे.”
“सगळ्यांना असतो तेवढाच धोका, डॉक्टर, की मला जास्त आहे?”
“तुमची तीन महिन्यांची साखर बघा ना. साडेनऊ आहे.”
“म्हणजे ती खाली आली तर तुमची हरकत नाही?”
“आधी खाली आणा, मग बघू.”

बघा, ‘नको’चं ‘आत्ता नको’ झालं. साखर किती खाली यायला हवी आणि पुन्हा कधी यायचं, हेही लगेच विचारून घ्या आणि केसपेपरवर लिहून मागा. कारण लिहायची वेळ आली की डॉक्टरही एकदा जास्त विचार करतात, आणि पुढे दुसऱ्या कुणाला दाखवायचं झालं तर तो कागद उपयोगी पडतो.

काही डॉक्टर कारण सांगतच नाहीत. “मी सांगतो ना, नको” एवढ्यावर बोलणं संपतं. तेही एक उत्तरच समजा. पायरी ५ तुमच्यासाठी आहे.

पायरी २: कारण कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

सगळ्यांत जास्त कानावर पडतं ते इच्छाशक्तीचं कारण. ‘मनावर घेतलंत तर ऑपरेशनशिवाय होईल.’ वजन थोडं जास्त असलेल्या माणसाला हे लागू पडेलही. पण तीस-चाळीस किलो जास्त असलेल्या, आणि आजवर अनेकदा वजन उतरवून पुन्हा चढलेल्या माणसाच्या शरीरात वेगळं काही चाललेलं असतं. वजन घटलं की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं कमी होतात आणि शरीर कमी ऊर्जेत भागवायला लागतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात, कडक आहाराने वजन उतरवलेल्या लोकांमध्ये हे बदल वर्षभरानंतरही तसेच टिकून होते. म्हणजे बारा महिने झाले तरी शरीर गेलेलं वजन परत मागतच होतं. स्लीव्ह किंवा बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा) या वजन कमी करण्याच्या ऑपरेशनांमध्ये जठर लहान होतं एवढंच आपण ऐकतो, पण त्यांचा बराचसा गुण या संप्रेरकांमध्ये होणाऱ्या बदलाचा आहे. इच्छाशक्ती ऑपरेशननंतरही लागते, आणि भरपूर लागते. तिच्या जोडीला शरीर उलट्या दिशेने ओढत नसलं, की ती पुरते.

दुसरं कारण जुन्या निकषांचं. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने घालून दिलेली मर्यादा अशी होती: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त, आणि मधुमेह, रक्तदाब यांसारखे गंभीर आजार सोबत असतील तर ३५. अनेक डॉक्टर शिकले ते याच आकड्यांवर. २०२२ मध्ये बॅरिॲट्रिक सर्जनांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून हे निकष बदलले. आता बीएमआय ३५ असेल तर सोबतचा आजार असो वा नसो, ऑपरेशनची शिफारस आहे. टाइप २ मधुमेह असेल तर ३० पासून. ३० ते ३५ च्या मधल्यांना, इतर उपायांनी टिकाऊ फरक पडला नसेल तर विचार करावा असं म्हटलंय. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये कमी बीएमआयलाही मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून त्यांच्यासाठी ऑपरेशन सुचवण्याची रेषा २७.५ वर आणली आहे. त्यामुळे “तुमचं वजन एवढं काही जास्त नाही” असं ऐकू आलं, तर आपला बीएमआय काढून (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) तो आकडा नव्या निकषांशी ताडून बघा. वयाची सरसकट वरची मर्यादाही त्यात ठेवलेली नाही. वयापेक्षा माणूस किती काटक आहे हे बघायला सांगितलंय.

मग धोका. धोका आहेच, कुणी नाही म्हणत असेल तर त्याच्यापासूनच सावध राहा. पण किती? दुर्बिणीतून होणाऱ्या या ऑपरेशनांमध्ये, अनुभवी केंद्रांत, पहिल्या महिन्याभरात मृत्यू होण्याचं प्रमाण साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी आहे. पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या आसपासचं. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी या गुंतागुंती क्वचित होतात, पण झाल्या तर गंभीर असतात. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघायला हवं. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. त्यात ऑपरेशन झालेल्या गटात एकूण मृत्यूंचं प्रमाण ऑपरेशन न झालेल्यांपेक्षा कमी आढळलं. बायपास झालेल्यांचं वजन दहा वर्षांनीही मूळ वजनाच्या जवळपास २५ टक्के कमी होतं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं जिथल्या तिथे. काहीच न करण्यातही धोका असतो, फक्त तो कुणी सहीच्या कागदावर लिहून देत नाही.

अलीकडे चौथं कारण आलंय: “आता इंजेक्शनं निघालीत, ऑपरेशन कशाला?” हे हसण्यावारी नेऊ नका, रास्त आहे. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनने सव्वा वर्षात सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरल्याचं चाचण्यांमध्ये दिसलं, टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसने २० टक्क्यांच्या आसपास. काहींना एवढं पुरेसं असतं. फक्त एक गोष्ट डॉक्टरांना विचारा: औषध थांबवलं तर? सेमाग्लुटाइडच्या चाचणीतल्या लोकांनी ते बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे औषध बराच काळ, कदाचित कायम चालवावं लागणार, आणि त्याचा खर्चही तितकाच काळ. ते सोसणार असेल आणि वजन फार जास्त नसेल तर आधी औषध करून बघणं शहाणपणाचं ठरू शकतं. औषधाने पुरेसा फरक पडला नाही तर ऑपरेशनचा रस्ता बंद होत नाही.

आता ऐकायचं कधी? पुढच्या कारणांपैकी एखादं निघालं तर डॉक्टर तुमच्या बाजूने बोलत आहेत असं समजा: दारूचं किंवा इतर व्यसन चालू आहे, तीव्र नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार अजून आटोक्यात नाही, खाण्याचे झटके येतात आणि त्यावर उपचार झालेले नाहीत, गर्भारपण आहे किंवा लवकरच मूल हवंय, यकृत किंवा हृदय फार खराब झालंय, थायरॉइड, कुशिंग सिंड्रोम (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होणं) यांसारखं वजन वाढण्याचं कारण तपासलेलंच नाही, किंवा स्टिरॉइड, मानसिक आजारावरची काही औषधं, इन्सुलिन यांनी वजन वाढतंय आणि त्यात बदल करता येतो का हे कुणी पाहिलेलं नाही. यातली बरीचशी कारणं तात्पुरती आहेत. सिगारेट ओढणाऱ्यांना बहुतेक सर्जन किमान सहा आठवडे आधी सोडायला लावतात. रात्री मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा पेंगत असाल तर झोपेची तपासणी आधी व्हायलाच हवी. स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मधेमधे थांबणं) लक्षात न येता भूल दिली गेली तर धोका वाढतो. या अडचणी मिटवायला चार-सहा महिने गेले तर ते वाया गेले असं मानू नका.

पायरी ३: स्वतःचा एक कागद तयार करा

‘खूप डाएट केली’ या वाक्याने कुणी हलत नाही. कागदाने हलतात.

एक कोरा कागद आडवा धरा. डावीकडे वर्ष, त्याच्यापुढे त्या वर्षीचं साधारण वजन, मग काय केलं, किती महिने केलं, किती उतरलं आणि किती दिवसांत परत आलं. जुने रिपोर्ट काढा, बहुतेकांवर कोपऱ्यात वजन लिहिलेलं सापडतं. लग्न, बाळंतपण, पाळीच्या तक्रारी, एखादं औषध सुरू झालं, नोकरीत रात्रपाळी लागली, याही नोंदी त्यातच येऊ द्या. माझ्या ओळखीतल्या एका ताईंनी असा कागद केला तेव्हा त्यांनाच दिसलं, की वजनाची सगळ्यांत मोठी उडी एक औषध सुरू झाल्याच्या वर्षी होती. ते औषध बदलून दिलं गेलं. ऑपरेशन पुढे झालंच, पण बदललेल्या औषधावर.

कागदाच्या मागच्या बाजूला आजचं चित्र: उंची, वजन, बीएमआय, कंबरेचा घेर, एचबीए१सी (तीच तीन महिन्यांची साखर), रक्तदाब, चरबीचे आकडे, यकृताची सोनोग्राफी झाली असेल तर तिचा निष्कर्ष, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डोससकट. आणि शेवटी चार ओळी, वजनामुळे रोजच्या जगण्यात काय करता येत नाही याच्या. ‘त्रास होतो’ असं मोघम नको. ‘एक जिना चढल्यावर थांबावं लागतं’, ‘बुटाची नाडी बांधता येत नाही’, ‘गुडघ्याच्या ऑपरेशनला अस्थिरोगतज्ज्ञ वजनामुळे तयार नाहीत’ असं. वजनकाट्यावरच्या आकड्यापेक्षा या ओळींवर डॉक्टरांची नजर जास्त वेळ थांबते, असं माझं निरीक्षण आहे.

पायरी ४: दुसरी भेट फक्त याच विषयासाठी घ्या

सर्दी-तापासाठी गेल्यावर, उठता उठता हा विषय काढला तर दोन मिनिटांचंच उत्तर मिळणार. वेळ घेतानाच सांगा, “वजनाच्या उपचाराबद्दल सविस्तर बोलायचंय.” जमलं तर घरचं एक माणूस सोबत न्या, पण असं की जे तुमच्या वतीने भांडणार नाही आणि डॉक्टरांच्या सुरात सूरही मिसळणार नाही. त्याचं काम ऐकणं आणि लिहून घेणं.

सुरुवात कागदापासून करा. मग मागणी छोटी ठेवा. “मला ऑपरेशन करायचंय, परवानगी द्या” म्हटलं की समोरचा माणूस हो किंवा नाही यात अडकतो. त्याऐवजी “मला बॅरिॲट्रिक टीमचं मत घ्यायचंय, त्यांच्यासाठी चिठ्ठी द्याल का?” असं विचारा. निर्णय घेणारी ती टीम आहे: सर्जन, फिजिशियन, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ. तुमच्या डॉक्टरांवर निर्णयाचं ओझं राहत नाही आणि त्यांना नकार द्यायला फारसं कारणही उरत नाही. काही ठिकाणी विमा किंवा सरकारी आरोग्यसेवा या चिठ्ठीशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून ती मिळवणं गरजेचंच असतं.

वजनावरून टोमणा आला तर? येतो कधी कधी, आणि तो पचवून गप्प बसायची आपल्याला सवय झालेली असते. एक शांत वाक्य तयार ठेवा: “डॉक्टर, हे बोलणं मला लागतं. उपचाराबद्दल बोलूया का?” बहुतेक जण ओशाळतात आणि सूर बदलतात. जे बदलत नाहीत त्यांच्याबद्दल तुम्हाला हवी ती माहिती मिळालेली असते.

पायरी ५: तरीही ‘नको’च असेल, तर दुसरं मत

हा तुमचा हक्क आहे, त्यात विश्वासघात वगैरे काही नाही. कुणाकडे जायचं? ऑपरेशन करणाऱ्याकडे थेट जाण्याआधी एखादे एंडोक्रायनोलॉजिस्ट (संप्रेरकांच्या आजारांचे तज्ज्ञ) किंवा लठ्ठपणावर उपचार करणारे फिजिशियन भेटले तर उत्तम, कारण औषध आणि ऑपरेशन या दोन्ही बाजू त्यांच्या रोजच्या कामातल्या असतात. मधुमेह असेल तर हे आणखीच खरं. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये टाइप २ मधुमेहाच्या उपचारांत ऑपरेशनला जागा दिलेली आहे.

इथे एक इशारा. इतके दिवस ‘नको’ ऐकून कान किटलेले असतात, त्यामुळे पहिलं ‘हो’ फार गोड लागतं. पहिल्याच भेटीत, तपासण्या न बघता, “पुढच्या आठवड्यात करून टाकू” म्हणणाऱ्या सर्जनपेक्षा तुमचे नको म्हणणारे डॉक्टर परवडले. चांगल्या ठिकाणी तुम्हाला आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ भेटतात, एंडोस्कोपी होते, रक्तातली जीवनसत्त्वं तपासली जातात. हे अडथळे वाटतात खरे. त्यांच्याशिवाय मात्र तारीख घेऊ नका.

सर्जनला विचारायचे प्रश्न असे: तुम्ही हे ऑपरेशन वर्षाला किती करता? तुमच्याकडे गळतीचं, पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण किती? माझ्यासाठी स्लीव्ह का, किंवा बायपास का? रात्री दोन वाजता पोटात दुखायला लागलं तर फोन कोण उचलणार? आणि पाच वर्षांनी माझा फॉलोअप कोण घेणार?

स्लीव्ह की बायपास या प्रश्नावर जरा रेंगाळा. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा थोडा अधिकच कापून काढला जातो. तो परत जोडता येत नाही. तुम्हाला आधीपासून जोरात ॲसिडिटी, छातीत जळजळ असेल तर स्लीव्हनंतर ती वाढू शकते, आणि तिथे बायपासचा विचार जास्त सयुक्तिक ठरतो. बायपासमध्ये साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. त्यात जीवनसत्त्वांची कमतरता जास्त संभवते आणि काही औषधांचं शोषण बदलतं. अपस्माराची औषधं किंवा लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) चालू असेल तर हे सर्जनला बजावून सांगा.

पायरी ६: डॉक्टरांची भीती स्वतःला विचारून बघा

नको म्हणणाऱ्या डॉक्टरांचं एक म्हणणं मला पटतं: ऑपरेशन एका दिवसात होतं, त्यानंतरचं सगळं जन्मभर चालतं. म्हणून होकार मिळाला तरी काही प्रश्नांची उत्तरं स्वतःशी खरी द्या. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व रोज, न चुकता, कायमचं घ्याल? पहिल्या वर्षी दोन-तीनदा आणि नंतर दरवर्षी रक्त तपासाल? वाटीभर खाल्ल्यावर हात थांबेल, प्रत्येक घास चावून चावून खाल्ला जाईल? बाईच्या जातीला आणखी एक: ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने दिवस जाऊ द्यायचे नसतात, आणि वजन उतरलं की गर्भधारणा सोपी होते, त्यामुळे संततिनियमनाचं आधी ठरवा. बायपासनंतर पोटात घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

दारूचं तर नक्कीच विचारा. ऑपरेशननंतर ती लवकर आणि जास्त चढते, आणि काही जणांना, विशेषतः बायपासनंतर, दोन-तीन वर्षांनी तिचं व्यसन लागल्याचं दिसलंय. खाण्यातून मिळणारा दिलासा गेला की मन दुसरं काही शोधतं. उदासपणा पूर्वीपासून असेल तर समुपदेशन ऑपरेशननंतरही चालू ठेवायचं.

शिवाय वजन पहिल्या वर्षी-दीड वर्षात एक चतुर्थांश ते एक तृतीयांश उतरतं आणि नंतर थोडं परत येतं. थोडं आलं तर ऑपरेशन फसलं असं नाही.

जुन्या डॉक्टरांना सोडू नका

दुसरं मत घेऊन ऑपरेशन ठरलं, तरी पहिल्या डॉक्टरांपासून ते लपवू नका. राग बाजूला ठेवा. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या ऑपरेशननंतर काही दिवसांतच कमी कराव्या लागतात. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या जुन्याच डोसने चालू राहिल्या तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. हे रोज बघणारा माणूस जवळचाच लागतो. तुमचं डिस्चार्ज कार्ड, कोणतं ऑपरेशन झालं त्याची नोंद आणि सर्जनचा नंबर त्यांच्याकडे नेऊन द्या. त्यांच्या केसपेपरवर ठळक अक्षरात दोन ओळी लिहून घ्या. बायपास झाला असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं द्यायची नाहीत, त्यांनी जोडाच्या जागी अल्सर होतो. आणि सतत उलट्या होत असतील तर सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी बी१, म्हणजे थायमिन, द्यायचं.